‘उरकून घे’ म्हणायचं नाही

आमच्या विद्यापीठात सगळे जण मुलांना पळवायच्या कामावर आहेत. लेक्चरला पळा, प्रॅक्टिकलला पळा, फॉर्मची मुदत संपली, पळा. एवढ्या मोठ्या इमारतीत मी एकटीच अशी आहे जिला मुलांना बसवायचा पगार मिळतो. बसवायचा म्हणजे खरोखर बसवायचा. बाकावर, खुर्चीवर, नाहीतर आमच्या खोलीतल्या खाटेवर सरळ आडवं करायचं. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही असं आमच्या नाईक मॅडमनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बसवण्यात लिहिण्यासारखं काय आहे? त्या म्हणाल्या, तेच लिही. म्हणून लिहितेय. शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघून घ्यावं. माझी शाळा नववीत दिवाळीच्या सुट्टीला सुटली ती परत भरलीच नाही.

माझं गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या वेशीला लागून. इतकं लांब की तिकडं कुणी आजारी पडलं म्हणून निघावं, तर आपण पोचेपर्यंत ते माणूस बरं होऊन शेळ्या घेऊन गेलेलं असतं. लग्न करून कोपरखैरण्याला आले. आमचे हे तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. मी विद्यापीठात कंत्राटी सफाईला लागले. पहिली दोन वर्षं कुणी ‘मंगल’ अशी हाक मारली की वाटायचं, संपली नोकरी.

एक दिवस तशीच हाक आली. फिनेलच्या बाटल्यांवर मी खडूसारख्या जाड पेनाने लिहून ठेवलं होतं, ‘दुसरा मजला, मुलींचे’, ‘तळमजला, स्टाफ’. नाईक मॅडम ती बाटली हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, हे अक्षर कुणाचं? मी लगेच सांगून टाकलं, चुकले मॅडम, पुसते. त्या हसल्या. शाळेत फळ्यावरचा सुविचार रोज मीच लिहायचे, त्या अक्षराने मला सफाईतून उचलून त्यांच्या विद्यार्थी साहाय्य कक्षात नेऊन ठेवलं. त्या दिवसाचे उपकार मी विसरायची नाही. तिथं मला खुर्चीसुद्धा मिळाली. पण जिथं लादी पुसली तिथं खुर्चीत बसायला अंगच वळेना. मग मी तिच्यावर फायली ठेवायला लागले आणि माझी मी उभी. फायलींना चांगली जागा झाली.

आमच्या कक्षात कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी, चाकाच्या खुर्चीवरची मुलं येतात. त्यांना काय लागतं ते बघितल्यावर कळतं. मला जी मुलं कळायला वेळ लागला ती वेगळीच. दिसायला धडधाकट. पहिला अनिकेत. इंजिनिअरिंगचा. सिक्युरिटीवाल्याने त्याला दंडाला धरून आणला आणि सांगितलं, जिन्यात पडला होता, पिऊन आलाय. पोराने डोळे न उघडताच सांगितलं, "मावशी, मी प्यायलेलो नाही. मी फक्त दोन जिने चढलोय."

त्या आजाराचं नाव क्रॉनिक फटीग सिंड्रोम. मराठीत लोक थकवा म्हणतात आणि तिथंच घोळ होतो, कारण थकवा सगळ्यांनाच येतो. आपण थकलो की झोपतो, सकाळी ताजेतवाने. या मुलांना झोपेने काही भरून येत नाही. डोकं जड, उजेड नको, आवाज नको, वाचलेली ओळ लगेच निसटते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हिशोब उशिरा होतो. आज थोडं जास्त चाललं, बोललं, अभ्यास केला, तर आज काहीच होत नाही. उद्या नाहीतर परवा माणूस असं कोसळतं की आठवडा आठवडा उठत नाही. रक्ताचे रिपोर्ट पुष्कळदा चांगलेच येतात, त्यामुळे घरचे म्हणतात आळस, सर म्हणतात नाटक, आणि शेजारीण म्हणते लग्न करून टाका.

मीही कमी नव्हते. अनिकेतला मी नाचणीचं सत्त्व दिलं, पायाला तेल लावायला सांगितलं, आणि एक दिवस मॅडम मीटिंगला गेल्यावर मीठ-मोहऱ्यांनी त्याची नजरसुद्धा काढली. पोरगं गुणी, गप पडून राहिलं. विद्यापीठात चूल नाही म्हणून मी मोहऱ्या बेसिनमध्ये टाकल्या. बेसिन तुंबलं. प्लंबरने विचारलं, इथं फोडणी कोण देतं? तेव्हापासून औषध सांगायचं बंद. आमच्या धंद्यात पहिला नियम हाच, की उपाय सांगणारी माणसं त्या मुलांना रोज भेटतात. आपण फक्त विचारायचं, आत्ता काय हवंय? उजेड कमी करू? बसतोस का झोपतोस? एवढं विचारून गप राहायचं. गप राहणं मला सगळ्यात अवघड गेलं.

मग मी बाकांचा रस्ता केला. गेटपासून लायब्ररीपर्यंत मी स्वतः चालून बघितलं तर सगळे बाक पुढच्या बागेत, जिथून पाहुणे येतात. मुलं जातात त्या बाजूला एकही नाही. माळीकाकांना धरलं आणि आम्ही दोघांनी बाक ओढून वाटेवर लावले, एका बाकावरून दुसरा दिसेल असे. परवानगी नंतर घेतली. इस्टेटचे साहेब तणतणत आले, बागेची शोभा गेली म्हणाले. मॅडमनी त्यांना शेवटच्या बाकावर बसवून चहा पाजला आणि सही घेतली. अनिकेत त्या रस्त्याने शिकून बाहेर पडला. आता रबाळ्याच्या एका कंपनीचं काम घरात बसून अर्धा दिवस करतो. मला मेसेज पाठवतो, ‘मावशी, आज फोडणी दिली का?’

आता रुचाचं सांगते, कारण तिच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

रुचा करंजाड्याची. एम.ए. समाजशास्त्र, मराठी माध्यम. आजारपणात दोन वर्षं गेलेली, बाकी सगळे पेपर सुटले होते, एकच राहिला होता. मागच्या वेळी त्याच पेपरला अर्ध्यात तिची मान टेबलावर पडली होती. नियमाप्रमाणे ही शेवटची संधी. तिचे वडील कुठल्याशा ऑफिसातून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचे. त्यांनी आमच्यासमोरच तिला सांगून टाकलं होतं की या वेळी झालं तर झालं, नाहीतर पुरे, घरी बस. रुचा त्यावर म्हणाली, "बाबा, मी घरी झोपतेच. बसायला जमलं असतं तर प्रश्नच नव्हता." अशी जीभ. अंगात दम नव्हता, तो सगळा जिभेत गेला होता.

मलाही सोडायची नाही. "मावशी, जगाला बसवता. तुमची खुर्ची कधी रिकामी होणार?" मी म्हणायचे, फायली कुठं ठेवू?

तिला तीन तास लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून लेखनिक घ्यायचं ठरलं. ती सांगणार, दुसऱ्याने लिहायचं. पण आमच्याकडचा नियम असा की लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणजे पदवीसुद्धा झालेली नको. मॅडमनी शोधलं तर क्लार्क सगळे एम.ए., एम.कॉम., लिफ्टवालासुद्धा बी.ए. झालेला. एक बारावीवाला सापडला तर त्याचं अक्षर त्यालाच लागत नव्हतं. शेवटी मॅडमनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मंगल, शाळा सोडल्याचा दाखला आहे का गं तुझ्याकडे?"

तो कागद मी लग्नात आलेल्या ट्रंकेच्या तळाशी, साडीच्या घडीत लपवलेला. ‘इयत्ता नववी, शिकत होती’ असं लिहिलंय त्यावर. आयुष्यभर कुणी मागू नये म्हणून जपलेला. आता त्याची झेरॉक्स विद्यापीठाच्या फाईलला लागली, वर गोल शिक्का. एवढ्या शिकलेल्या माणसांत माझं न शिकणं कामाला आलं, याचं हसू पण आलं आणि डोळ्याला पाणीही.

सराव सुरू केला. खोलीतले दिवे मालवायचे, रुचा खाटेवर डोळे मिटून सांगणार, मी उभ्याने कपाटावर वही ठेवून लिहिणार. वीस मिनिटं काम, मग विश्रांती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली ‘सामाजिक स्तरीकरण’, आणि मी लिहिलं ‘सामाजिक इस्त्रीकरण’. तिला वाचून दाखवल्यावर ती इतकी हसली की उरलेला सराव बंद करावा लागला. म्हणाली, मावशी, तसंच राहू दे, बाबांना लागू पडतं. महिन्याभरात मला तिची उत्तरं पाठ झाली. घरी भाकरी थापताना मी आमच्या ह्यांना जात आणि वर्ग यांतला फरक सांगायला लागले. ते म्हणाले, दोन्हीकडं पोतं आम्हीच उचलायचं ना, मग बास.

पेपरला आठ दिवस राहिले होते. त्या सकाळी रुचा आली ती वेगळीच. केस धुतलेले, गालावर रंग, गेटपासून एकाही बाकावर न बसता आलेली. मला इतका आनंद झाला. आणि माझ्या तोंडातून आलं, "आज बरी हाईस न्हवं? मग आजच सगळं उरकून घे की."

उरकून घे. आमच्या घरात सकाळी उठल्यापासून हा एकच शब्द. ऊन चढायच्या आत उरकून घे, पाहुणे यायच्या आत उरकून घे. आमच्या ह्यांच्या मार्केटातही तेच, गाडी लागली की उरका. कामाच्या माणसाला दुसरी भाषाच येत नाही. रुचाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, चला.

हॉलतिकीट घेतलं. ओळखपत्र बदललं. लायब्ररीची सही घेतली. तिसऱ्या मजल्यावर सरांना भेटलो, लिफ्ट बंद होती, म्हटलं हळूहळू चढू. कॅन्टीनमध्ये डोसा खाल्ला. वर दोन उत्तरांचा सरावही झाला. जाताना ती म्हणाली, "मावशी, आज मी माणसासारखी वागले ना?" मी तिची पाठ थोपटली. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत गेले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "बाई, तिला मान उचलता येत नाहीये. खोलीत पडदे लावून ठेवलेत. परवा तुमच्याकडे आली तेव्हा बरी होती ना?"

मी फोन ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसले. मॅडमना त्या दिवशी सांगितलं नाही. वाटलं, नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षा वाईट म्हणजे पोरीचं वर्ष माझ्या एका शब्दाने गेलं. दुसऱ्या सकाळी सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, हे माझ्या हातूनही झालंय, फार वर्षांपूर्वी. जाऊन ये तिच्याकडे. उपाय सांगायला नको, नुसती जा.

करंजाड्याला पोचले. वडिलांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि आतली खोली दाखवली. रुचाच्या खोलीत अंधार. मी खाटेशेजारी खाली बसले. थोड्या वेळाने ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की कान तोंडाजवळ न्यावा लागला. "मलाही उरकायचं होतं, मावशी."

तिथं बसल्या बसल्या मला आमचं घर आठवलं. आमच्या गावाला टँकर यायचा, आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी. आला की पिंप काठोकाठ भरायचं. आम्ही पोरं उड्या मारायचो, आज डोक्यावरून अंघोळ. आणि आई पिंपावर झाकण ठेवून तांब्या स्वतःच्या हातात घ्यायची. भरल्या पिंपाच्या दिवशीही तेवढेच तांबे, जेवढे तळ दिसायला लागल्यावर. आम्हाला तिचा राग यायचा. पण पुढचा टँकर येईपर्यंत गल्लीत फक्त आमच्या घरी प्यायला पाणी असायचं. मी त्या आईची पोरगी, आणि रुचाचं पिंप भरलेलं बघून सगळं एका दिवसात उपसून बसले.

हे मी तिला हळू आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "मग तांब्या तुमच्याकडे ठेवा." आणि पुन्हा डोळे मिटले.

बाहेर वडील म्हणाले, आता पेपर राहू दे, बाई. तिला झेपणार नाही, तुम्ही पण उगाच आशा लावू नका. मी आयुष्यात साहेब माणसाला उलट बोलले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, "साहेब, द्यायचा का नाही ते तिलाच विचारा. पण आज नको. बोलायलाही ताकद लागते तिला." दोन वर्षांत त्यांना हे कुणी असं सांगितलं नसावं. पेपरच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. विचारलं म्हणाले. तिने मान हलवली, हो म्हणून.

मॅडमनी तोवर परवानग्या आणून ठेवल्या होत्या. तळमजल्याची खोली, पडद्याआड खाट, मधे मधे विश्रांती, आणि विश्रांतीचा वेळ पेपरच्या वेळात धरायचा नाही. रुचा शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर आडवी होऊन आली. गेटपासून मी चाकाची खुर्ची ढकलली. देखरेखीला एक नवीन लागलेले सर होते. ते म्हणाले, लेखनिकाने बसून लिहायचं. म्हणजे झाली का पंचाईत. बसले, खुर्चीच्या अगदी कडेला.

पाच प्रश्न. ती डोळे मिटून सांगत होती, मी लिहीत होते. स्तरीकरण बरोबर लिहिलं. प्रत्येक प्रश्नानंतर ती आडवी व्हायची. चौथ्या प्रश्नाला तर काय आवाज लागला तिचा, सरावात कधी लागला नव्हता तसा. पाचवा सुरू झाला, तो मला तोंडपाठ होता, मुद्दे सहा. तीन झाले. ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, थांबते."

विश्रांती झाली. ती उठली नाही. अजून एक विश्रांती झाली. घड्याळात वेळ शिल्लक होता. सर चांगल्या मनाने म्हणाले, "छान चाललंय, आता थोडक्यासाठी कशाला? संपवून टाका." रुचाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तिला कळत नव्हतं, रेटू का नको. पुढचे तीन मुद्दे माझ्या बोटांच्या टोकाशी आलेले. ते मी लिहू शकत नव्हते, लेखनिकाने सांगितलेलंच लिहायचं असतं. पण एक शब्द बोलले असते तर तिने ते सांगितले असते. पोरगी माझ्या शब्दावर उठली असती, हे मला माहीत होतं. ‘उरकून घे’ अगदी तोंडाशी आलं होतं.

मी पेनाला टोपण लावलं.

"तांब्या माझ्याकडं हाय," मी म्हटलं. ती हसली. बारीकशी. सरांनी अर्ध्या उत्तराखाली रेघ मारली आणि पेपर घेतला.

निकाल काय लागला ते विचाराल म्हणून सांगते, ती पास झाली, अडीच महिन्यांनी यादी लागली. तो निकाल विद्यापीठाचा. माझा निकाल तिसऱ्या दिवशी होता, कारण या आजाराचा हिशोब तेव्हा येतो. पहिला दिवस गेला. दुसरा गेला, फोन नाही. करायची माझी हिंमत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कक्षाच्या खिडक्या पुसत होते, ते माझं काम नसतानाही, कारण हात रिकामे ठेवले की वाईट विचार यायचे. फोन वाजला. वडिलांचा. मी फडकं टाकून कानाला लावला.

"मंगलताई," ते म्हणाले. इतके दिवस बाई म्हणायचे. "ती उठून बसलीय. पोहे मागतेय." मग बाजूला काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. ते पुन्हा फोनवर आले, जरा संकोचून. "आणि ती विचारतेय, तुम्ही आत्ता उभ्या आहात का?"

मी खुर्चीवरच्या फायली उचलून खाली लादीवर ठेवल्या.

"न्हाई," मी म्हटलं. "बसलेय."